पुन्हा, नंतर, व्यक्ती : कायद्यातील तीन शब्दांचा इतिहास

१/
विवाहाचा शेवट, मुलांचा ताबा आणि व्यवसायाची सनद हे कायद्याचे तीन निरनिराळे प्रांत मानले जातात. त्यांचे कायदे वेगळे, न्यायालये वेगळी, बहुधा वकीलही वेगळे. स्त्रियांच्या इतिहासात मात्र हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आढळतात. नवऱ्याच्या घराचा उंबरठा ओलांडणाऱ्या स्त्रीला लगेच दोन प्रश्न सामोरे येत : मुले कोणाकडे राहणार, आणि पोटापाण्याची सोय काय?

२/
या तिन्ही प्रांतांतील महत्त्वाचे निकाल एकेका साध्या शब्दाभोवती फिरले. विवाहाच्या दाव्यात तो शब्द होता ‘पुन्हा’, पालकत्वाच्या दाव्यात ‘नंतर’ आणि सनदेच्या दाव्यात ‘व्यक्ती’. शब्दकोशात या शब्दांचे अर्थ कोणालाही अवघड वाटू नयेत असे आहेत. समोर स्त्री उभी राहिली की मात्र न्यायाधीशांना ते अवघड वाटू लागत. या तीन शब्दांचा हा मागोवा.

३/
पहिला शब्द : पुन्हा.
रखमाबाईंचा जन्म १८६४ मध्ये मुंबईत, सुतार समाजात झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या जातीत विधवेच्या पुनर्विवाहाची रूढी होती. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत; सावत्र वडिलांच्या घरीच राहून वाचन करीत वाढल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला.

४/
दाव्याचे कायदेशीर नाव होते दाम्पत्यहक्कांची पुनःस्थापना. साध्या मराठीत सांगायचे तर, बायकोने नांदायला यावे यासाठीचा दावा. हा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नव्हता. त्याचे मूळ इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांत होते आणि इंग्रजी अमलाबरोबर तो इथे आला. विसंगती अशी की, ज्या १८८४ साली दादाजी न्यायालयात गेले त्याच साली इंग्लंडच्या संसदेने हा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद रद्द केली. हिंदुस्थानातील १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ती कायम राहिली.

५/
न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्ही यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी निकाल दिला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा ‘पुनः’ या उपसर्गात होता. जे एकदा अस्तित्वात होते आणि पुढे खंडित झाले, तेच पुन्हा स्थापन करता येते. हे दोघे पतिपत्नी म्हणून कधी एकत्र राहिलेच नव्हते. मग न्यायालयाने पुनःस्थापना कशाची करायची? अजाण वयात लग्न लागलेल्या मुलीला, ती जाणती झाल्यावर, तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याच्या स्वाधीन करणे त्यांना अमानुष वाटले. दावा फेटाळण्यात आला.

६/
हा अर्थ जेमतेम सहा महिने टिकला. मार्च १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी अपिलात ठरवले की विवाह विधिपूर्वक झाला एवढे पुरेसे आहे. आधी सहवास झाला होता की नाही, याला महत्त्व नाही. प्रकरण फेरसुनावणीला गेले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : एका महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जावे, अन्यथा सहा महिन्यांपर्यंत कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली.

७/
या उत्तराने महाराष्ट्र दुभंगला. लोकमान्य टिळकांनी रखमाबाईंच्या भूमिकेवर कठोर टीका केली; बेहरामजी मलबारींसारखे सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेली बालविवाहावरील पत्रे रखमाबाईंचीच होती. त्यांच्या वतीने न्यायालयात उभ्या राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये स्वीकारले आणि हुकुमाची अंमलबजावणी करण्याचा आग्रह सोडला.

८/
या खटल्याबद्दल एक समज फार पसरलेला आहे : व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून हा विवाह रद्द केला आणि रखमाबाई घटस्फोट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. वस्तुस्थिती वेगळी आहे. घटस्फोट झालाच नाही. विवाह कायद्याच्या दृष्टीने अबाधित राहिला. दादाजींना दुसरे लग्न करता आले, रखमाबाईंना ती मोकळीक नव्हती. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचा वेष स्वीकारला. त्यांना मिळाले ते एवढेच : बळजबरीने नांदण्यापासून सुटका. त्याची किंमत रोख मोजावी लागली.

९/
दुसरा शब्द : नंतर.
रखमाबाईंना मूल नव्हते. म्हणून त्यांच्या लढ्यात ताब्याचा प्रश्न उद्भवला नाही. ज्यांना मुले होती त्यांची अवस्था काय होई, हे पाहण्यासाठी त्या काळच्या इंग्रजी कायद्याकडे वळावे लागते, कारण आपल्या पालकत्वाच्या कायद्याची भाषा बव्हंशी तिथूनच आली. त्या कायद्यात औरस मुलांवर हक्क बापाचा होता. लेखिका कॅरोलाइन नॉर्टन १८३६ मध्ये नवऱ्यापासून विभक्त झाल्या, तेव्हा तिन्ही मुलगे त्यांच्यापासून हिरावले गेले. त्यांच्या लेखनामुळे आणि खटपटीमुळे १८३९ चा कायदा झाला. त्यानुसार सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी आईला न्यायालयाकडे अर्ज करता येऊ लागला. तोही तिच्यावर व्यभिचाराचा दोष सिद्ध झालेला नसेल तरच.

१०/
पुढे हिंदुस्थानच्या राजकारणात मोठे नाव मिळवणाऱ्या ॲनी बेझंट यांना या कायद्याचा चटका बसला. १८७३ मध्ये त्या पाद्री नवऱ्यापासून विभक्त झाल्या. लेखी करारानुसार मुलगी मेबल त्यांच्याकडे आली. १८७७ मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासह संततिनियमनावरील एक पुस्तिका छापल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. तेवढे निमित्त नवऱ्याला पुरले. १८७८ मध्ये न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांनी मुलगी बापाकडे सोपवली. आई मुलीची हेळसांड करते, असे कोणाचेही म्हणणे नव्हते. आईची नास्तिक मते आणि तिने प्रकाशित केलेली पुस्तिका, हीच अपात्रता ठरली.

११/
नियतीचा खेळ असा की, ३५ वर्षांनी मद्रासमध्ये त्याच बेझंटबाई प्रतिवादी म्हणून उभ्या होत्या आणि समोर एक बाप होता. जी. नारायणय्या यांनी १९१० मध्ये आपले दोन मुलगे, कृष्णमूर्ती आणि नित्यानंद, लेखी पत्राने त्यांच्या पालकत्वाखाली दिले होते. १९१२ मध्ये ते परत मिळावेत म्हणून त्यांनी दावा लावला. बेझंटबाईंनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. मद्रास उच्च न्यायालयाने १९१३ मध्ये बापाच्या बाजूने निकाल दिला आणि अपिलातही तोच कायम राहिला. १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला.

१२/
प्रिव्ही कौन्सिलच्या निकालात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. बापाने दुसऱ्याला दिलेले पालकत्व तो परत घेऊ शकतो, हे तत्त्व तिथेही मान्य झाले. परंतु मुले इंग्लंडमध्ये होती, मोठी होत चालली होती, आणि त्यांच्या भवितव्याचा निर्णय होत असताना त्यांची इच्छा कोणी विचारलीच नव्हती, हेही नमूद झाले. बाप की आई, बाप की गुरू, या झगड्यात मूल हेही एक माणूस आहे, याची ही उशिरा झालेली आठवण होती.

१३/
१८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात अल्पवयीनाचे कल्याण हा निकष आलेला होता. मात्र बाप हयात आणि लायक असेल तर न्यायालयाने दुसरा पालक नेमू नये, असेही त्यात होते. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा झाला. त्याच्या कलम ६ मध्ये अविवाहित अल्पवयीन मुलामुलींचा नैसर्गिक पालक म्हणून पिता आणि त्याच्या ‘नंतर’ माता, असा क्रम लावला गेला. पाच वर्षांखालील मुलांचा ताबा सामान्यतः आईकडे, अशी जोड दिली गेली. म्हणजे मूल सांभाळायचे आईने. सही करायची बापाने.

१४/
‘नंतर’ म्हणजे केव्हा? बापाच्या मृत्यूनंतर, असा सरळ अर्थ बहुतेकांनी घेतला. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या जिजाबाई विठ्ठलराव गजरे यांच्या प्रकरणात या अर्थाला पहिली फट पडली. वाद कुळकायद्याचा होता. अल्पवयीन मुलीचा बाप जिवंत होता, पण अनेक वर्षे वेगळा राहत होता आणि मुलीच्या व्यवहारात त्याने कधी लक्ष घातले नव्हते. तिच्या मालमत्तेची सारी व्यवस्था आई पाहत होती. अशा परिस्थितीत आईच नैसर्गिक पालक मानावी, असे न्यायालयाने म्हटले. एका शेतजमिनीच्या तंट्याने ‘नंतर’चा अर्थ हलवला.

१५/
पुढचा धक्का एका बँकेच्या कागदाने दिला. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला. पालक म्हणून सही त्यांची होती आणि त्याला नवऱ्याचीही संमती होती. बँकेने बापाची सही मागितली. त्यांच्या याचिकेबरोबरच पर्यावरणतज्ज्ञ वंदना शिवा यांची याचिकाही चालली. त्यांच्या प्रकरणात घटस्फोटाचा दावा प्रलंबित असताना नवरा स्वतःला मुलाचा एकमेव नैसर्गिक पालक म्हणवीत होता. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : ‘नंतर’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे, ‘पित्याच्या अनुपस्थितीत’ असा अर्थ घ्यावा, आणि ही अनुपस्थिती लक्ष न घालण्याची किंवा आपसांतील संमतीचीही असू शकते.

१६/
या निकालाचे मोल मोठे आहे, आणि मर्यादाही स्पष्ट आहे. न्यायालयाने कलम रद्द केले नाही. समतेच्या हक्काशी सुसंगत होईल असा अर्थ लावून ते वाचवले. आईला जागा मिळाली ती बाप कोणत्या ना कोणत्या अर्थाने अनुपस्थित असल्यावर. कायद्याच्या पुस्तकात ‘नंतर’ हा शब्द आजही तिथेच आहे.

१७/
तिसरा शब्द : व्यक्ती.
स्वतःच्या कमाईवर जगायचे तर व्यवसायाची सनद हवी. लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संघाला, सोसायटी ऑफ अपॉथेकरीजला, वैद्यकीचा परवाना देण्याचा अधिकार होता. पात्र ‘व्यक्तीं’ना परीक्षेला बसू द्यावे, अशी त्याच्या नियमांची भाषा होती. एलिझाबेथ गॅरेट यांनी त्या शब्दावर बोट ठेवले. ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री बसत नाही असे म्हणण्यास संघाला आधार सापडेना, आणि १८६५ मध्ये त्यांना परवाना मिळाला. त्यानंतर संघाने नियम असे बदलले की दुसऱ्या स्त्रीला त्या वाटेने येता येऊ नये.

१८/
वाट बंद झाल्यावर एडिंबरा विद्यापीठात सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या सहकारी विद्यार्थिनींनी प्रवेश घेतला. पदवी देण्यास विद्यापीठाने नकार दिला आणि १८७३ मध्ये स्कॉटलंडच्या न्यायालयाने विद्यापीठाची बाजू उचलून धरली. १८७६ मध्ये ब्रिटिश संसदेने परवाना देणाऱ्या संस्थांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मुभा दिली. एडिंबऱ्याच्या त्या विद्यार्थिनींपैकी एडिथ पेची यांना डब्लिनहून परवाना मिळाला. १८८३ मध्ये त्या मुंबईला आल्या आणि स्त्रियांसाठीच्या कामा रुग्णालयाची सूत्रे त्यांनी हाती घेतली.

१९/
इथे दोन धागे जुळतात. रखमाबाईंना वैद्यकीच्या शिक्षणासाठी प्रोत्साहन देणाऱ्यांत या पेचीबाई होत्या. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या. ज्या वैद्यकीय विद्यालयात त्या शिकल्या त्याच्या अधिष्ठाता होत्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन, म्हणजे ‘व्यक्ती’ या शब्दाच्या बळावर आत शिरलेल्या त्याच गॅरेट. १८९४ मध्ये रखमाबाई डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. नवऱ्याच्या घरी जाण्याचा हुकूम झालेल्या स्त्रीला जगण्याचे साधन मिळाले, ते तीन दशके चाललेल्या परवान्यांच्या लढाईमुळे.

२०/
वकिलीचे दार अधिक घट्ट होते. १८६६ मध्ये नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि १८९२ मध्ये ऑक्सफर्डच्या कायद्याच्या परीक्षेला बसल्या. पदवी मात्र हाती आली १९२२ मध्ये. मुंबई विद्यापीठाची कायद्याची परीक्षा दिली, अलाहाबादची वकिलीची परीक्षाही दिली, तरी सनद मिळेना. १९०४ पासून त्यांनी सरकारी ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’मध्ये पडदानशीन स्त्रियांच्या सल्लागार म्हणून काम केले. विधवांच्या मालमत्तेचे आणि अज्ञान वारसांचे तंटे त्या वर्षानुवर्षे हाताळत होत्या. सल्ला देण्यास त्या पात्र होत्या. न्यायालयात उभे राहण्यास अपात्र.

२१/
१९१६ मध्ये कायद्याची पदवी घेतलेल्या रेजिना गुहा यांनी कलकत्त्यात सनदेसाठी अर्ज केला. वकिलांविषयीच्या १८७९ च्या कायद्यात ‘व्यक्ती’ हाच शब्द होता. शिवाय, पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश मानावा, असा कायद्यांच्या अर्थनिर्णयाचा सर्वसाधारण नियम होता. पाच न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले की संदर्भ पाहता इथे तो नियम लागू होत नाही. स्त्रिया कधी वकील नव्हत्या, म्हणून कायदा करणाऱ्यांच्या मनातही त्या नसणार. आजवर नव्हत्या, म्हणून यापुढेही नकोत, असे हे वर्तुळ होते.

२२/
१९२१ मध्ये तर एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी उभे राहिले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव वकील म्हणून नोंदवले. त्याच वर्षी पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज कलकत्त्याच्या निकालाच्या आधारे नाकारला. शेवटी विधिमंडळाने १९२३ मध्ये कायदा करून स्पष्ट केले की केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून कोणालाही वकिलीस अपात्र ठरवता येणार नाही. त्यानंतर लवकरच मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम, मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

२३/
१९२३ हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. त्याच वर्षी दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती झाली आणि नांदायला येण्याचा हुकूम न पाळल्याबद्दल कैद करण्याची तरतूद काढून टाकण्यात आली; मालमत्तेच्या जप्तीची तेवढी राहिली. रखमाबाईंवर ज्या शिक्षेची टांगती तलवार होती ती नाहीशी होणे, आणि तसा खटला लढवण्यासाठी स्त्रीला सनद मिळणे, या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या.

२४/
तिन्ही शब्दांची कथा एकत्र वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. ‘व्यक्ती’ या शब्दाने १८६५ मध्ये लंडनमध्ये दार उघडले आणि १९१६ मध्ये कलकत्त्यात ते बंद केले. ‘पुन्हा’चा अर्थ मुंबईत सहा महिन्यांत उलटला. ‘नंतर’चा अर्थ रुंद व्हायला ४३ वर्षे लागली. शब्द तेच होते. वाचणाऱ्याने स्त्रीला आधीच कोणत्या जागी बसवले आहे, त्यावर अर्थ ठरत गेला. म्हणून केवळ कायद्याचा मजकूर वाचून त्या काळच्या स्त्रीची स्थिती कळत नाही. तो मजकूर कोणी, कोणासाठी, कधी वाचला, हेही पाहावे लागते.

२५/
१८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. हिंदू पतिपत्नींना घटस्फोटाचा मार्ग त्याने देशभर खुला केला. त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये दाम्पत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा दावाही राहिला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध मानले. इंग्लंडने, जिथून हा दावा आला त्या देशाने, १९७० मध्येच तो रद्द केला होता.

२६/
डॉ. रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षात वारल्या. ज्या घटस्फोटाची सोय त्यांच्या तारुण्यात नव्हती ती कायद्यात आलेली त्यांच्या हयातीत घडली. मध्ये ६७ वर्षे गेली होती आणि आयुष्याचे चार महिने उरले होते. ज्या दाव्याविरुद्ध त्या कैदेत जायला तयार झाल्या, तो दावाही त्याच कायद्यात, काही पाने अलीकडे, छापलेला होता.